कृषिकन्येची जमीन कुठली?

(धाराशिव जिल्ह्यातील स्त्री-कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर)



महामारी आणि स्त्रिया हा विषय निघाला की आपण दवाखाना, रेशन, घरातली मारहाण, बंद पडलेल्या शाळा आणि लहान वयात उरकलेली लग्नं यांच्याविषयी बोलतो. सकाळपासून या शिबिरात त्यावर पुष्कळ बोलणं झालं. मला एका वेगळ्याच जागेबद्दल बोलायचं आहे. ती जागा म्हणजे कृषी महाविद्यालयातलं विद्यार्थ्यांचं शेत. २०२० साली टाळेबंदी आली, महाविद्यालयं बंद झाली, तेव्हा या शेताचं काय झालं आणि त्यावर शिकणाऱ्या मुलींचं काय झालं, हे मी मांडणार आहे. तुम्ही म्हणाल, कॉलेजातल्या चार-दोन गुंठ्यांचा आणि आपल्या चळवळीचा काय संबंध? माझं म्हणणं असं की, बाईचं शेतीतलं खरं स्थान काय आहे, हे त्या एका वर्षात जितकं उघडं पडलं तितकं एरवी पडत नाही.

आधी हे शेत म्हणजे काय ते पाहू. आपला मराठवाडा परभणीच्या कृषी विद्यापीठाच्या कार्यक्षेत्रात येतो. हे विद्यापीठ १९७२ साली स्थापन झालं आणि २०१३ पासून त्याला वसंतराव नाईकांचं नाव आहे. धाराशिवला त्याचं कृषी महाविद्यालय आहे, तुळजापूरला कृषी विज्ञान केंद्र आहे. शिवाय विनाअनुदानित महाविद्यालयंही बरीच निघाली आहेत. प्रत्येक महाविद्यालयाला आपली जमीन असते. तिला तिथल्या भाषेत 'प्रक्षेत्र' म्हणतात.

पदवीचा अभ्यास चार वर्षांचा. शेवटच्या वर्षी दोन गोष्टी कराव्या लागतात. एक, अनुभवाधारित शिक्षण. त्यात विद्यार्थ्यांचे गट पाडतात आणि एकेका गटाकडे एखादं काम सोपवतात. कुणाकडे भाजीपाल्याचा प्लॉट, कुणाकडे रोपवाटिका, कुणाकडे कोंबड्या, कुणाकडे अळिंबी. बी कुठलं घ्यायचं, खर्च किती करायचा, माल कुठं विकायचा, हिशेब कसा ठेवायचा, हे शिक्षकांच्या देखरेखीखाली गटानं ठरवायचं. दुसरी गोष्ट ग्रामीण कृषी कार्यानुभव. त्यात विद्यार्थी गावात जाऊन शेतकऱ्यांबरोबर काम करतात. या कामासाठी आलेल्या मुलाला 'कृषिदूत' म्हणतात आणि मुलीला 'कृषिकन्या'. नावातच बघा. मुलगा दूत, म्हणजे कुणाचा तरी निरोप घेऊन आलेला, हुद्दा असलेला. मुलगी मात्र कन्या. शेतीची पदवी घेत असतानाही ती कुणाची तरी लेकच.

कामाच्या निमित्तानं अशा मुलींशी माझं बोलणं होत असतं. बहुतेक जणी कोरडवाहू शेतकऱ्यांच्या घरातल्या. उमरगा, लोहारा, कळंब, भूम, परंडा अशा तालुक्यांतून आलेल्या. लहानपणापासून खुरपणी केलेली, कापूस वेचलेला, सोयाबीन काढलेलं. म्हणजे शेतातलं काम त्यांना नवीन नव्हतं. मग कॉलेजच्या प्लॉटवर नवीन काय होतं? एका मुलीनं मला फार नेमकं उत्तर दिलं. ती म्हणाली, "ताई, घरच्या रानात मी सांगितलेलं काम करते. प्लॉटवर काम काय करायचं ते आम्ही ठरवत होतो."

हा फरक आपण नीट समजून घेऊ या. आपल्याकडे बाईनं नांगराला हात लावू नये असं मानतात. तिफणीच्या मागं चालत मोघण्यातून बी सोडते ती बाईच, पण त्या रानात यंदा काय पेरायचं हे तिला विचारत नाहीत. खुरपणं तिचं, वेचणं तिचं, मळणीनंतर पाखडणं तिचं. पट्टी मात्र घरातला पुरुष घेऊन येतो. ग्रामीण भागात काम करणाऱ्या दर चार बायांपैकी जवळजवळ तिघी शेतीत आहेत. आणि २०१५-१६ च्या कृषी गणनेप्रमाणे देशातल्या वहिवाटदारांमध्ये बायांचं प्रमाण सुमारे १४ टक्के, त्यांच्याकडचं क्षेत्र तर १२ टक्क्यांच्या आतच. कॉलेजच्या प्लॉटवर हे सगळं उलटं होतं. तिथं मुलगी पाभर धरत होती, फवारणीचा पंप पाठीवर घेत होती, भाजी विकून आलेले पैसे मोजून वहीत लिहीत होती. प्लॉट तिच्या मालकीचा नव्हता, चार महिन्यांनी तो दुसऱ्या गटाकडे जाणार होता. तरीही तिच्या आयुष्यातला तो पहिला असा तुकडा होता, जिथं तिचा शब्द चालत होता.

आता मार्च २०२० कडे येऊ. महिन्याच्या मध्यात महाविद्यालयं बंद झाली. वसतिगृहं रिकामी करायला सांगितली. २४ मार्चच्या रात्री देशभर टाळेबंदी जाहीर झाली. मुली मिळेल त्या वाहनानं, कपड्यांची एक पिशवी घेऊन घरी आल्या. बऱ्याच जणींच्या वह्या-पुस्तकं खोलीतच राहिली.

पण शेत बंद करता येत नाही. वर्गाला कुलूप लावता येतं, प्रयोगशाळेला लावता येतं. मार्चअखेर म्हणजे रब्बीची काढणी. ज्वारी उभी, गहू उभा, हरभरा वाळून आलेला. गोठ्यातल्या जनावरांना वैरण-पाणी रोज लागतं, कोंबड्यांना खाद्य रोज लागतं, रोपवाटिकेतलं रोप दोन दिवस पाण्यावाचून राहत नाही. त्यात फेब्रुवारीपासून कोंबडीनं कोरोना होतो अशी अफवा पसरली होती आणि कोंबड्यांचा भाव मातीमोल झाला होता. २७ मार्चला केंद्राच्या गृहखात्यानं शेतातली कामं, शेतमजूर आणि बाजार समित्या यांना टाळेबंदीतून सूट दिली, ती शेत थांबत नाही म्हणूनच.

मग 'विद्यार्थ्यांचं शेत' विद्यार्थ्यांवाचून कुणी चालवलं? कुठल्याही महाविद्यालयाच्या प्रक्षेत्रावर गेलात तर सकाळी तुम्हाला रोजंदारीवर आलेल्या बाया दिसतील. आसपासच्या गावांतल्या, वस्त्यांवरच्या. त्यात दलित आणि भूमिहीन बाया जास्त. विद्यार्थ्यांच्या प्लॉटवर विद्यार्थी शिकतात, पण उरलेलं रान आणि सुट्टीतला प्लॉट सांभाळतात त्या याच बाया. टाळेबंदीत जिथं जिथं पीक वाचलं, रोपं वाचली, तिथं ती मोजक्या कर्मचाऱ्यांनी आणि अशा बायांनी वाचवली. तोंडाला पदर किंवा रुमाल बांधून त्या आल्या. जिथं कामाचे दिवस कमी झाले तिथं त्यांची मजुरीही कमी झाली, कारण रोजंदारीला घरी बसून पगार नसतो. त्या काळात डॉक्टर-परिचारिकांसाठी टाळ्या वाजल्या, आशाताईंचं नाव थोडंफार निघालं. प्रक्षेत्रावरच्या बायांचं नाव कुठल्याच यादीत नव्हतं. महामारीतल्या शिक्षणाचा इतिहास लिहायचा झाला तर ऑनलाइन वर्गांच्या आधी यांचं प्रकरण लिहावं लागेल.

इकडे मुली घरी आल्या. जून उजाडला, खरीप तोंडावर आला. कार्यानुभवाचं काय करायचं? परक्या गावात राहणं शक्य नव्हतं. तेव्हा त्या वर्षी विद्यार्थ्यांना आपापल्या गावातच कार्यानुभव पुरा करायची मुभा मिळाली. म्हणजे विद्यार्थ्यांचं शेत कॉलेजातून उठून घराघरात आलं. कागदावर ही सोय सगळ्यांना सारखीच होती. प्रत्यक्षात मुलगा आपल्या शेतात आला आणि मुलगी वडिलांच्या शेतात आली. ही दोन शेतं एक नाहीत.

मुलाच्या हाती कॉलेजचा कागद आला तेव्हा घरच्यांनी त्याला एक वाफा, एक पट्टा प्रयोगासाठी काढून दिला. पुढं हे रान यालाच करायचं आहे, असा त्यामागचा हिशेब. मुलीनं तेच मागितलं तर उत्तर मिळालं, "तुझं काय ते मोबाईलमधी फोटो काढून पाठव, अन् आईला हात लाव." सकाळी स्वयंपाक, मग रान, दुपारी ऑनलाइन तास. गावात नेटवर्क कुठं येतं? टेकावर, पाण्याच्या टाकीपाशी, नाहीतर माळवदावर. भाऊ टाकीपाशी जाऊन बसू शकतो, मुलगी बसली की लोक बोलतात. घरात एकच चांगला फोन, तोही भावाच्या खिशात. शेतीची पदवी घेणारी मुलगी पूर्ण वेळ शेतात होती, आणि तरी तिचा अभ्यास बुडत होता.

ज्यांच्या घरी जमीनच नाही त्या मुलींचं आणखी अवघड. 'स्वतःच्या शेतावर प्रात्यक्षिक' हा रकाना त्यांनी कसा भरायचा? कुणी चुलत्याच्या बांधावर उभी राहिली, कुणी आई ज्यांच्याकडे मजुरीला जाते त्यांना विनवलं. आपली शिक्षणव्यवस्था शेतकरी म्हटलं की जमीन गृहीत धरते, आणि विद्यार्थी म्हटलं की मुलगा गृहीत धरते. महामारीत ही दोन्ही गृहीतकं एकदम उघडी पडली.

त्यात लग्नाची घाई. पन्नास माणसांतच लग्न करायचा नियम झाला होता. वरातीचा, जेवणावळीचा खर्च वाचतो म्हणून पुष्कळ बापांनी त्या दोन उन्हाळ्यांत लेकी उजवून टाकल्या. शाळकरी मुलींचं काय झालं ते आपण जाणतोच. २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत राज्यात २० ते २४ वयाच्या जवळजवळ २२ टक्के स्त्रियांचं लग्न अठराच्या आत झालेलं दिसलं, आणि मराठवाड्यातल्या परभणी, बीडसारख्या जिल्ह्यांत ते प्रमाण याहून कितीतरी जास्त होतं. कृषी पदवीच्या मुली वयानं मोठ्या, कायद्यानं सज्ञान. पण शेवटचं सत्र घरून चाललंय म्हटल्यावर 'पदवी काय, लग्नानंतरही मिळंल' असं घरोघर ऐकू आलं. त्याच सुमारास, जुलै २०२० मध्ये, राज्यातल्या काही कृषी महाविद्यालयांच्या गुणपत्रिकांवर 'प्रमोटेड कोविड-१९' असा शेरा छापून आला. ओरड झाल्यावर तो काढायला लावला. पण घरच्यांच्या तोंडी शब्द राहिला: कोरोनातली पदवी. मुलाला तो शब्द चिडवण्यापुरता लागला. मुलीच्या बाबतीत तो शिक्षण थांबवायचं कारण झाला.

तरीही या मुलींनी काय केलं ते ऐका, कारण हे फक्त रडगाणं नाही. २०२० च्या खरिपात सोयाबीन उगवलंच नाही अशा तक्रारी राज्यभरातून आल्या. उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठानं आपणहून त्याची दखल घेतली. आदल्या वर्षी काढणीच्या वेळी पाऊस लागला होता, त्यानं बियाण्याची उगवणशक्ती गेली होती. अशा वर्षी साधी उगवण चाचणी लाख मोलाची. ओलं गोणपाट अंथरायचं, त्यावर दहा-दहाच्या ओळीनं शंभर दाणे मांडायचे, गुंडाळी करून सावलीत ठेवायची, पाणी शिंपडत राहायचं. पाच-सात दिवसांनी उघडून मोड आलेले दाणे मोजायचे. सत्तर किंवा जास्त असतील तर एकरी तीस किलो हे नेहमीचं प्रमाण चालतं. कमी असतील तर बियाणं वाढवायचं, फारच कमी असतील तर ते बी पेरायचंच नाही. मग बीजप्रक्रिया: आधी बुरशीनाशक, मग कीटकनाशक, शेवटी रायझोबियमसारखं जिवाणू खत. हा क्रम उलटला तर जिवाणू मरतात. आणि पंच्याहत्तर ते शंभर मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय चाड्यावर मूठ धरायची नाही.

कृषिकन्यांनी हे गावोगाव करून दाखवलं. वर्तमानपत्रांत फोटो आले. त्यातले बरेच फोटो मी पाहिले. मुलगी हातात गोणपाट घेऊन उभी, भोवती तोंडाला रुमाल बांधलेले पाच-सात पुरुष. मथळा असतो, 'कृषिकन्येने दिले शेतकऱ्यांना धडे.' आणि त्याच घरात जी बाई वर्षानुवर्षं बी निवडते, राख आणि कडुलिंबाचा पाला घालून मडक्यात राखते, जिला दाणा दाताखाली धरला की कळतं, ती फोटोत नाही. ती चुलीपाशी. आमच्या ओळखीच्या एका मुलीनं मात्र चाचणी अंगणात न करता घरामागं, बाया भांडी घासतात तिथं केली. गल्लीतल्या बाया आपापलं बियाणं पदरात बांधून घेऊन आल्या. एका आज्जीनं मोड मोजून सांगितलं की दुकानातल्या पिशवीपेक्षा तिचं घरचं बी चांगलं आहे. आज्जीचं खरं निघालं. मग घरात प्रश्न निघाला, विकतचं पेरायचं की घरचं. त्या एका घरी तरी पेरणीचा निर्णय त्या वर्षी चुलीपाशी झाला.

पुढं काय झालं तेही आठवा. ऑक्टोबर २०२० च्या मध्यात अतिवृष्टी झाली. काढून ढीग घातलेलं सोयाबीन पाण्यात गेलं, तुळजापूर, परंडा, उमरगा, लोहारा भागांत माती खरवडून गेली. मुख्यमंत्री आले, पुढारी आले. शासनानं दहा हजार कोटींचं पॅकेज जाहीर केलं, पिकांना हेक्टरी दहा हजार, फळबागांना पंचवीस हजार, दोन हेक्टरच्या मर्यादेत. पंचनामे झाले. पंचनामा कुणाच्या नावानं होतो? सातबारा ज्याच्या नावानं असतो त्याच्या. जिनं चिखलातून शेंगा वेचल्या तिच्या खात्यावर काही आलं नाही.

याचं आणखी एक उदाहरण देते. टाळेबंदीच्या सुरुवातीला केंद्र सरकारनं दोन मदती दिल्या. जनधन खातं असलेल्या बायांना एप्रिल ते जून दरमहा पाचशे रुपये, आणि पीएम-किसानचा दोन हजारांचा हप्ता आगाऊ. एकाच घरात दोन्ही आलं. बाईला पाचशे आले ते गरीब बाई म्हणून. शेतकरी म्हणून दोन हजार आले ते जमीनधारकाच्या, म्हणजे बहुतेक ठिकाणी नवऱ्याच्या किंवा सासऱ्याच्या खात्यावर. एकाच रानात दोघं राबतात, पण सरकारच्या वहीत एक जण शेतकरी आहे आणि दुसरी लाभार्थी.

२०२१ च्या दुसऱ्या लाटेत कर्ते पुरुष गेले. मागं राहिलेल्या कितीतरी तरुण विधवांना वारसनोंदीसाठी दीर-सासऱ्यांच्या मागं फिरावं लागलं. ऑगस्ट २०२१ मध्ये शासनानं या एकल स्त्रियांसाठी 'मिशन वात्सल्य' सुरू केलं, त्यात वारसाहक्काच्या कामाचाही समावेश करावा लागला. करावा लागला, कारण नवरा गेल्यावर पहिला प्रश्न पोटाचा येतो आणि दुसरा लगेच जमिनीचा.

कायदा काय म्हणतो? कायदा आपल्या बाजूनं आहे, आणि तो आजचा नाही. महाराष्ट्रानं १९९४ सालीच हिंदू वारसा कायद्यात दुरुस्ती करून मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत जन्मानं वाटा दिला. देशभर ती दुरुस्ती ९ सप्टेंबर २००५ पासून आली. आणि ११ ऑगस्ट २०२० ला, म्हणजे ऐन महामारीत, या मुली घरी बसून कार्यानुभव करत असताना, सर्वोच्च न्यायालयानं विनीता शर्मा खटल्यात स्पष्ट केलं की २००५ मध्ये वडील हयात असोत-नसोत, मुलीचा हक्क जन्मानंच आहे. गावात तो निकाल किती घरांत वाचला गेला? मुस्लिम बहिणींची अडचण वेगळी आहे. १९३७ च्या शरियत कायद्यानं शेतजमीन आपल्या कक्षेबाहेर ठेवली, त्यामुळे तिथं रूढीचा आधार घेऊन बायांना डावललं जातं. आणि भूमिहीनांसाठी गायरानाचा प्रश्न आहे. १४ एप्रिल १९९० पूर्वीची अतिक्रमणं नियमित करायचं शासनानं ठरवलं, मराठवाड्यात त्यासाठी मोठे लढे झाले, पण जमीन नावावर होताना बाईचं नाव लागलं का, हे आपणच बघायला हवं.

मालकी नसली तरी निर्णय मिळवता येतो का? आपल्याच जिल्ह्यात त्याचा एक प्रयत्न झाला आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपानंतर लातूर-उस्मानाबादच्या गावांत बायांना पुनर्बांधणीच्या कामात पुढं आणण्यातून स्वयम् शिक्षण प्रयोग ही संस्था उभी राहिली. प्रेमा गोपालन यांनी ती उभी केली, २०२२ मध्ये त्या गेल्या. तुळजापूर तालुक्यातल्या गोदावरी डांगे यांच्यासारख्या बाया त्या कामातून पुढं आल्या. दुष्काळाच्या वर्षांत त्यांनी 'एक एकर' ही पद्धत रुजवली. बाईनं घरच्यांकडून एक एकर, नाहीतर अर्धा एकर मागून घ्यायचा. त्यात सोयाबीन-ऊस न करता खायची पिकं घ्यायची: ज्वारी, बाजरी, तूर, मूग, उडीद, भाजीपाला, एकाच रानात पंधरा-वीस प्रकार. शेणखत, गांडूळ खत, कमी पाणी, घरचं बी. २०१६ साली संस्थेला संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचा इक्वेटर पुरस्कार मिळाला. पण मला त्याहून मोठी परीक्षा २०२० ची वाटते. आठवडी बाजार बंद, गाड्या बंद, सोयाबीनचे पैसे संपलेले. अशा वेळी एक एकरवाल्या बायांच्या घरी भाजी होती, डाळ होती, आणि शेजारणीला द्यायलाही होती.

कॉलेजचा प्लॉट आणि हा एक एकर यांच्यात मला एक साम्य दिसतं. दोन्ही ठिकाणी बाईच्या हाती जमिनीची मालकी आली नाही, पण निर्णय आला, आणि निर्णय आल्याबरोबर पीक बदललं, ताट बदललं, तिचा आवाज बदलला. एक उणीवही दोन्हीकडे सारखीच आहे. दिलेलं काढून घेता येतं. कॉलेजचं फाटक एका सूचनेनं बंद झालं. एक एकर रान चांगलं पिकायला लागलं की 'आता त्यात ऊस लावू' असं म्हणणारा घरात निघतोच. म्हणून मागून घेतलेल्या रानावर थांबून चालणार नाही. निर्णयापासून सुरुवात करू, पण सातबाऱ्यापर्यंत पोचू.

हा विचार नवा नाही. शेतकरी बायांनी १९८६ साली चांदवडला हा प्रश्न मांडला होता. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेनं पुढं लक्ष्मीमुक्तीची मोहीम चालवली, तिच्यात नवऱ्यांनी बायकोच्या नावानं जमीन करून दिली. १९९२ मध्ये शासनानं त्याच नावाची योजना काढली, तिच्यात नवऱ्यानं अर्ज केला की बायकोचं नाव सहहिस्सेदार म्हणून सातबाऱ्यावर लागतं. तीस वर्षांहून जास्त काळ झाला. आपल्यापैकी किती जणींच्या सातबाऱ्यावर आपलं नाव आहे? हात वर करू नका, घरी जाऊन उतारा काढून बघा.

आता काय करायचं ते सांगते.

पहिलं, गटाच्या बैठकीत बचतीच्या वहीबरोबर सातबारा आणि आठ-अ वाचायला घ्या. गावच्या महसूल कार्यालयात, म्हणजे आपण ज्याला तलाठी कचेरी म्हणतो तिथं, पाच-सहा जणींनी मिळून जा. एकटीला 'उद्या या' म्हणतात, सहा जणींना खुर्ची देतात.

दुसरं, हक्कसोडपत्र. बाप गेला की तेराव्याला किंवा भाऊबीजेला बहिणीपुढं कागद येतो. तिला सांगा की हा कागद नोंदणीकृत करावा लागतो, कुणी जबरदस्ती करू शकत नाही, आणि सही न केल्यानं नातं तुटत असेल तर ते नातं साडीच्या किमतीचंच होतं. माहेर तुटायची भीती खरी आहे, ती मी हसण्यावारी नेत नाही. म्हणूनच हे एकटीनं करायचं काम नाही, गटानं पाठीशी उभं राहायचं काम आहे.

तिसरं, महाविद्यालयांकडे आपल्या मागण्या गेल्या पाहिजेत. पुन्हा कधी साथ आली, पूर आला, फाटकं बंद झाली, तर ज्या मुलींना घरी सुरक्षित नाही किंवा शिकता येणार नाही त्यांना वसतिगृहात राहून प्लॉट चालवण्याची मुभा हवी. घरच्या शेतावर कार्यानुभव द्यायचा असेल तर मुलीला किमान काही गुंठे स्वतंत्र करायला मिळावेत, अशी लेखी अट पालकांना घालावी. भूमिहीन मुलींसाठी गावात सामाईक जागा शोधून द्यावी. प्रक्षेत्रावरच्या रोजंदार बायांना विमा आणि बंदच्या काळातली मजुरी मिळावी. आणि प्रात्यक्षिकाची वेळ बाया येऊ शकतील अशी ठेवावी. हजेरीपत्रकात त्यांचं नाव 'शेतकरी' या रकान्यात लिहावं.

चौथं, शेतकरी या शब्दाचा अर्थ. २००७ च्या राष्ट्रीय शेतकरी धोरणानं जमिनीची मालकी नसलेल्यांना, शेतमजुरांना, बायांनाही शेतकरी म्हटलं आहे. डॉ. स्वामिनाथन यांनी २०१२ मध्ये राज्यसभेत स्त्री-शेतकऱ्यांच्या हक्कांचं खासगी विधेयक मांडलं होतं, ते तसंच कालबाह्य झालं. महिला किसान अधिकार मंच या मागणीवर काम करतो आहे. संयुक्त राष्ट्रांनी २०२६ हे वर्ष शेतकरी स्त्रीचं वर्ष म्हणून जाहीर केलं. वर्षं येतात आणि जातात. आपल्या ग्रामसभेत 'शेतकरी बायांची यादी करा' असा ठराव मांडला तर त्याला वर्ष संपायची अडचण नाही.

त्या वेळच्या मुली आज कुठं आहेत, असं तुम्ही विचाराल. काही कृषी सेवा केंद्रात नोकरीला आहेत, काही स्पर्धा परीक्षा देतात, पुष्कळ जणी लग्न होऊन सासरी गेल्या आणि तिथल्या रानात खुरपायला जातात. मातीपरीक्षण येणारी, बीजप्रक्रिया येणारी, हिशेब येणारी सून दुसऱ्याच्या ठरवलेल्या पिकात तण काढते आहे. तिच्या शिक्षणावर शासनानं पैसा खर्च केला, तिच्या आईनं मजुरी करून फी भरली. विद्या तिच्याकडे आहे. कष्टाची तयारी तर पहिल्यापासूनच आहे. नाही ती जमीन, आणि जमिनीबद्दल बोलायचा अधिकार. कॉलेजच्या वाफ्यावर तिला हा अधिकार काही महिने मिळाला होता आणि तो तिनं नीट वापरला. तेव्हा 'बायांना शेतीतलं काय कळतं' हा प्रश्न आता संपला आहे. आता प्रश्न एवढाच की, कळणाऱ्या बाईला आपण किती गुंठे देणार आणि कधी.

हा प्रश्न आज संध्याकाळी आपापल्या घरी विचारा. आणि काय उत्तर मिळालं ते पुढच्या बैठकीत सांगा.